पोतनीसबेनचं अपब्रेड

शिक्षकखोलीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तास संपतो, माणूस हातावरचा खडू झटकून चहाला बसतो आणि म्हणतो, ‘आज काय झालं माहीत आहे?’ झालं, एक किस्सा जन्माला आला! दुसऱ्या दिवशी त्याला कोणीतरी मीठमसाला लावतं आणि आठवड्याभरात तो सगळ्यांच्याच मालकीचा होतो. मी बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. गेल्या वर्षीचे आमचे सगळे किस्से एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरत होते. शब्द होता अपब्रेड. अर्थ, रागावणे.

हा शब्द आणला आमच्या पोतनीसबेननी. त्या इंग्रजी शिकवतात. मी मराठी, त्या मराठी, तेव्हा खरं तर त्या पोतनीसबाई. पण बडोद्यात घराचा उंबरठा ओलांडला की प्रत्येक बाईची बेन होते. त्यांच्या घरात पूर्वी पिढ्यान् पिढ्या संस्थानच्या नोकऱ्या झाल्या. तो हुकमी आवाज तिथूनच आला असावा.

गेल्या दिवाळीत आमचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी पोतनीसबेनच याव्यात, असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं. निर्णय मात्र मुख्य ट्रस्टी नवीनभाईंच्या हातात होता आणि नवीनभाईंची हरकत एकच होती. बेन फार रागावतात.

*

अकरावीच्या एका धड्यात अपब्रेड आला, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. आमचे खेळाचे राणासर चहा पिता पिता म्हणाले, हा कुठला ब्रेड? सेवउसळीबरोबर देतात तो?

बेननी शांतपणे समजावून सांगितलं. अपब्रेड म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. समोरच्याची चूक उचलून त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि मग बोलायचं. ओरडायला कारण लागत नाही, अपब्रेड करायला लागतं. मूळ शब्द फार जुना. झटक्यात ओढणे, फिरवणे, विणणे, असे त्याचे अर्थ. त्यातूनच इंग्रजीत वेणी घालण्याचा ब्रेड निघाला आणि त्यातूनच हा रागावण्याचा अपब्रेड.

मी म्हटलं, रागावण्याचा आणि केसांचा काय संबंध?

बेन म्हणाल्या, “का? आपण बिनपाण्याने हजामत करतो, इंग्रज वेणी घालतात.”

हे बोलताना त्यांच्या हातात खरोखरच एक वेणी होती. हेतलची. ही मुलगी पादरा गावाहून सकाळच्या पहिल्या बसने येते. तिची आई त्याच्याही आधी कामावर जाते, त्यामुळे केस मोकळेच. शाळेचा नियम दोन वेण्यांचा. म्हणून प्रार्थनेआधी ती शिक्षकखोलीत येऊन बेनपुढे पाठ करून बसते. बेनच्या खणात तिच्यासाठी कंगवा आणि लाल रिबिनी असतात. आमचं बोलणं ती खाली मान घालून ऐकत होती. तिने काय ऐकलं, ते पुढे कळलं.

*

मग तो शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसला. फक्त राणासर जुन्या शब्दाला चिकटून होते. त्यांना कोणी बोललं की ते म्हणायचे, मला फायर केलं.

एकदा नवीनभाईंनी त्यांना मैदानावरच्या गवतावरून झापलं. राणासरांनी लगेच बायकोला फोन करून सांगितलं की आज ट्रस्टींनी मला फायर केलं. वहिनी अलकापुरीतल्या एका कंपनीत माणसं नेमण्याचं आणि काढण्याचं काम करतात. त्यांच्या ऑफिसात फायरचा अर्थ एकच. त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून रडत शाळेत आल्या, तेव्हा सर मैदानावर शिट्टी वाजवत होते. पुढे शिट्टी थांबली आणि वहिनी सुरू झाल्या!

त्या गेल्यावर बेननी सरांना पाणी दिलं. “राणासर, तुम्ही अपब्रेडच म्हणत जा. त्यात नोकरी राहते.”

*

तरसालीहून एक वडील तक्रार घेऊन आले. बेन माझ्या मुलाला फार वढतात, म्हणजे रागावतात. मुलाच्या मनावर परिणाम होतो.

बेननी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, मुलगा सध्या कुठला धडा वाचतोय? वडिलांना माहीत नव्हतं. त्याचा जवळचा मित्र कोण? तेही माहीत नव्हतं. त्याला चष्मा लागलाय, फळा दिसत नाही म्हणून तो शेजारच्याचं बघून लिहितो, हे तरी माहीत आहे का? चहा निवून गेला. बेननी आवाज जराही चढवला नाही, पण मी शेजारच्या खुर्चीत बसून उगाच ताठ झालो. ते गृहस्थ उठले ते थेट चष्म्याच्या दुकानात गेले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा हजर. या वेळी धाकट्या मुलाचा हात धरून आले होते. त्याला बेनपुढे उभं करून म्हणाले,

“बेन, आने पण जरा वढो...”

*

तरीही नवीनभाईंनी नियम काढला. यापुढे वर्गात फक्त पॉझिटिव्ह भाषा. बेन नियम मोडणाऱ्यातल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पॉझिटिव्ह भाषा सुरू केली.

गृहपाठ न केलेल्या एका मुलाला त्या प्रेमाने म्हणाल्या, “तू किती दयाळू आहेस रे! पुस्तकाला त्रास होऊ नये म्हणून उघडतसुद्धा नाहीस.” उशिरा आलेल्याला म्हणाल्या, शाळेला तुझी वाट बघायला लावतोस, मोठा मान आहे तुझा. असं आठवडाभर चाललं. अखेर वर्गातली मुलं शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पुढच्याने हात जोडले.

“बेन, आना करतां तो वढो ने!”

यापेक्षा रागवा म्हणे! इतक्या वर्षांच्या नोकरीत रागावून घ्यायला रांग लावलेली मुलं मी पहिल्यांदा पाहिली. तेव्हा मला पोतनीसबेनचा जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

*

आणि मग शिक्षकदिन आला. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत ट्रस्टी. आचार्यपदाचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता, त्यामुळे आम्ही मुलांना बजावून ठेवलं होतं की बेनच्या रागावण्याचा विषयसुद्धा काढू नका. इंग्रजीतून भाषण हेतलचं होतं. विषय, माझ्या आवडत्या शिक्षिका.

सुरुवात झकास झाली. मग ती इंग्रजीतून म्हणाली, “पोतनीसबेन मला रोज सकाळी प्रार्थनेआधी अपब्रेड करतात.”

नवीनभाई रोज इंग्रजी पेपर वाचतात. ते पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, रोज?

“येस सर. फार घट्ट करतात. कधी कधी डोळ्यांत पाणी येतं.”

ट्रस्टी एकमेकांकडे बघू लागले. मुलीला वाटलं, आपलं चांगलंच चाललंय. ती आणखी रंगात आली. मी हलले तर जास्त जोरात करतात, म्हणाली. सगळ्यांसमोर, शिक्षकखोलीत करतात. माझ्या आईला वेळ नसतो, म्हणून बेन करतात. मी हे आयुष्यभर विसरणार नाही.

राणासरांनी डोळे मिटून घेतले. बेनचं आचार्यपद गेलं, हे मला दिसत होतं.

बेन उठल्या, तडक मंचावर गेल्या आणि हेतलला दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी गर्रकन पाठमोरी केली. तिची एक रिबीन सुटून लोंबत होती. बेननी ती वेणी हातात घेतली आणि त्या बोलायला लागल्या. माईक चालूच होता. अपब्रेड म्हणजे वेणी घालणे? मी मूळ सांगितलं ते ऐकलंस आणि अर्थ सांगितला तेव्हा कुठे होतीस? शब्दकोश शोभेला ठेवलाय का? मान सरळ ठेव! बोलणं थांबत नव्हतं, बोटं थांबत नव्हती.

नवीनभाई कधी वेणीकडे बघत होते, कधी बेनच्या तोंडाकडे. शेवटी त्यांनी हेतललाच विचारलं की मग बेन रोज नक्की काय करतात?

मान मागे ओढलेली, डोळ्यांत पाणी आणि चेहराभर हसू, अशी हेतल म्हणाली, “आ ज, सर. रोज आ ज.” म्हणजे हेच, रोज हेच.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी एका कागदावर सही हवी होती म्हणून मी आचार्यांच्या खोलीकडे निघालो. दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर नवीनभाई शहाण्या मुलासारखे बसले होते. मी दाराला हात लावणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं.

“पांच मिनिट बेसो,” ते हळूच म्हणाले. “अंदर अपब्रेड चाले छे.”