पोत्यातला मेंढपाळ

सांगलीला बदली झाली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. साताऱ्यात मी गटारं, रस्ते, पाण्याच्या टाक्या केल्या होत्या. इथं नगरपालिकेनं शिल्पांची बाग आखायला सांगितली. जागा भर वस्तीत, बाजाराला लागून. मी नेहमीच्याच क्रमानं लागलो: आधी पाण्याचा निचरा, मग वाटा, मग चौथरे, झाडं शेवटी. हट्ट एकच धरला, कुंपण नको. बाजाराला आलेल्या माणसानं पिशवी खाली ठेवावी आणि शिल्पाला हात लावून बघावा.

शिल्पकार जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातला, धनगराच्या घरचा. मुंबईत शिकून आलेला. पुढाऱ्यांचे पुतळे करणार नाही, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. शेंगा फोडणारी बाई, सुटीवर आलेला आणि ट्रंकेवर बसलेला जवान, काखेत कोकरू धरलेला मेंढपाळ, अशी त्याची सिमेंटची माणसं. मेंढपाळासाठी त्याचा बापच गावाकडे त्याच्यासमोर उभा राहिला होता.

शिल्पं चौथऱ्यांवर चढली आणि नगराध्यक्षांनी फर्मावलं, "मंत्र्यांच्या हातून अनावरण होईपर्यंत एकाचंही तोंड दिसता कामा नये." सगळी पोत्यांत गुंडाळून दोरीनं बांधली. मंत्र्यांची तारीख काही मिळेना. आधी दुष्काळाची कामं आडवी आली, मग मंत्रीच बदलले. नवे साताऱ्याला दौऱ्यावर आले की मी सकाळच्या एस.टी.नं जायचो, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसायचो आणि "कळवू" एवढं ऐकून परत यायचो. भाजीवाल्या विचारायच्या, "आवं साहेब, भुतं बांधून ठेवल्याती व्हय?"

एका बाजाराच्या दिवशी शिल्पकार बापाला घेऊन आला. म्हातारा खोकत होता, चार पावलं टाकली की थांबत होता. त्याला स्वतःचं शिल्प बघायचं होतं, तेवढ्यासाठीच तो एवढ्या लांब आला होता. पोत्यासमोर उभा राहून तो मुलाला म्हणाला, "मला पोत्यात घातलं व्हय रं? बाजारात इकायला काढलंस का काय?"

मुलगा हसला नाही. मी पहारेकऱ्याला चहाला पाठवलं आणि दोरीच्या गाठीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," म्हातारा म्हणाला.

"अहो बाबा, कोण बघतंय? डोकावून घ्या."

"न्हाई. देवाच्या आधी कोण निवद खातंय का? मोठा माणूस पडदा काढंल, तवा बघीन. पोराच्या कामाला आमचा ईटाळ नगं."

"आबा, बघ की. मीच केलंय ते," मुलगा म्हणाला.

"तू गप रं. तुला काय कळतंय?"

त्यानं पोत्यावरून एकदा हात फिरवला. कोकराचं डोकं हाताला लागलं तसा म्हणाला, "हितं कोकरू हाय. लय ब्येस." मग दोघं तासगावकडच्या गाडीला गेले. उन्हाळ्यात म्हातारा वारला.

पुढं निवडणूक झाली, नवी मंडळी आली. त्यांना त्या जागेवर भाजीचे गाळे हवे होते. आखणी मलाच करायची होती. चौथरे फोडले आणि शिल्पं होती तशी, पोत्यांसकट, पाण्याच्या टाकीच्या आवारात नेऊन ठेवली.

मी कळवल्यावर शिल्पकार आला. या खेपेला मेंढपाळावरचं पोतं आम्ही काढलं. पावसानं सिमेंटवर काळे ओघळ उतरले होते, चेहरा मात्र शाबूत होता.

"हे एवढं द्या मला," तो म्हणाला. "रानात बापाला पुरलंय, तिथं उभं करतो."

मी वर जाऊन विचारलं. नगरपालिकेची मालमत्ता, ठरावाशिवाय हलवता येत नाही. ठराव मांडायला मी ओळखीच्या प्रत्येक सभासदाच्या दारात गेलो. एका धनगराच्या सिमेंटसाठी कोण सभेत उभं राहणार?

तो टाकीच्या आवारात परत आला तेव्हा मी त्याला नाही म्हणून सांगितलं. आभाळ भरून आलं होतं. त्यानं पोतं उचलून पुन्हा शिल्पावर चढवलं आणि मी दोरीचं दुसरं टोक धरलं.