मीटरबाईच्या डोक्याचं माप

त्या घरात वस्तू वरून खाली यायच्या. मोठ्या दिरांचा रेनकोट नवऱ्याकडे, नवऱ्याची बॅग तिच्याकडे, जाऊबाईंची छत्री तीही तिच्याकडेच. कारण तिच्या खाली कोणी नव्हतं. त्यामुळे मोठ्या दिरांनी नवीन हेल्मेट आणलं तेव्हा जुनं कुणाच्या डोक्यावर जाणार, हे कोणी विचारलंच नाही. तिनंही नाही.

ती पाणीपुरवठा खात्यात होती. हायवेलगतच्या पंपघरांत जाऊन मीटर बघायचे, गळती हुडकायची, पंपवाल्यांशी हुज्जत घालायची. लोक तिला मीटरबाई म्हणत. या फेरीवर जाणारी खात्यातली ती एकटीच बाई, आणि ती फेरी तिनं आल्यागेल्या प्रत्येक साहेबाशी भांडून मिळवली होती. मोटरसायकलही तिची, स्वतःच्या पगारातून घेतलेली. घरात वरून न आलेली तेवढी एकच वस्तू.

दिरांचं डोकं भलं मोठं. त्यांचं हेल्मेट तिच्या डोक्यावर पातेल्यासारखं फिरे. सासूबाईंनी नॅपकिनची घडी आत कोंबली आणि म्हणाल्या, "बघ, बसलं की नाही?" आरशासमोर बसलं. मग नवऱ्यानं, बायकोला वारा लागू नये म्हणून, हॅण्डलपुढे उंच काच बसवून आणली. तिला न विचारता. वर चारचौघांत सांगितलंही.

हायवेवर वेग वाढला की छळ सुरू होई. हेल्मेट मागून उचललं जाई, पट्टा गळ्यात रुते, आणि डोकं असं थडथडत राही की पुढच्या ट्रकचा नंबर वाचता येऊ नये. वेग कमी करावा, तर मागचे ट्रक भोंगे वाजवत अंगावर येत. घरी आल्यावर कानात घोंगावत राही आणि पोळ्या लाटताना मान डावीकडे वळत नसे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "हेल्मेट नीट बसतं ना?"

"बसतं की," ती म्हणाली. घरातले सगळे बसतं म्हणत होते, तिलाही ते खरं वाटलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडे दिवस गाडी बंद ठेवा म्हणाले. बरोबर आलेल्या नवऱ्यानं तेवढंच वाक्य उचललं.

त्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, सोमवारपासून तुम्ही आवक-जावकच्या टेबलावर. फेरी दुसऱ्या कोणाला तरी देतो."

"मी कुठे मागितलं टेबल?"

"तुमचे मिस्टर येऊन गेले. मानेचं सांगत होते. फार काळजी करतात हो. नशीबवान आहात."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रोज रात्री शेजारी झोपणारा माणूस, भाजीला काय आणू म्हणून दहादा विचारणारा माणूस, तिची नोकरी फिरवायला परस्पर जाऊन आला होता.

"साहेब, माझे मिस्टर या खात्यात आहेत का?"

"अहो, काळजीपोटी..."

"उद्या तुमच्या मिसेस आल्या आणि म्हणाल्या, यांची कंबर दुखते, यांना घरी बसवा, तर बसाल?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकला. साहेबांचे कान लाल झाले. "हे बघा, हायवेवर तुम्ही बैलगाडी हाकता असं पंपवालेही सांगतात. सोमवारी मी जीप घेऊन मागे येतो. शेवटच्या पंपघरापर्यंत. रेंगाळलात, मान चोळताना दिसलात, तर टेबल. मग तोंडातून शब्द काढायचा नाही."

ती तशीच तणतणत हेल्मेटच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या जाड्या बाईनं जुनं हेल्मेट उलटं केलं, नॅपकिन दोन बोटांनी बाहेर ओढला.

"हे काय, डबा बांधून आणलात?"

"घरातलंच आहे."

"डोकंही घरातलंच वापरता का एकमेकांचं?"

मीटरबाईला हसू आलं नाही. बाईनं भुवयांच्या वरून टेप फिरवली आणि एक लहान हेल्मेट चढवलं.

"गाल दाबले जातायत."

"जाऊ देत. आता धरून हलवा. गालाची, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलते ना? मग ते तुमचं. कपाळावर एका जागी टोचतंय का? टोचत असेल तर दुसरं दाखवते."

टोचत नव्हतं.

रविवारी घरात कोणाला न सांगता ती हायवेवर गेली. हेल्मेट आता उचललं जात नव्हतं, पट्टा रुतत नव्हता. पण थडथड होतीच. तिनं चार शिव्या दिल्या, ज्या घरात कोणी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. रागानं पुढे वाकली आणि एकदम शांत झालं. ताठ बसली, थडथड. वेग कमी करून पायांवर जराशी उठली, पुन्हा शांत. वारा होता, पण सरळ.

काच! काचेच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा नेमका तिच्या कपाळावर येऊन फुटत होता. काच बसवताना गाडीवर कोण बसलं होतं? नवरा. तो तिच्याहून वीतभर उंच. त्याच्या गळ्याशी फुटला असता तो वारा तिच्या कपाळावर फुटत होता.

तिनं कडेला गाडी लावली, पाना काढला, काच सोडवली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. परत निघाली तेव्हा छातीवर वाऱ्याचा रेटा बसत होता, डोकं मात्र जागच्या जागी होतं. पुढच्या ट्रकचा नंबर तिनं मोठ्यानं वाचला.

सोमवारी जीप मागेच राहिली. शेवटच्या पंपघराशी साहेब कंबरेवर हात ठेवून उतरले, तोवर ती मीटर बघून बाहेर आली होती. "चालू द्या तुमची फेरी," एवढंच म्हणाले आणि घोटभर पाणी मागितलं.

संध्याकाळी नवरा दारातच म्हणाला, "काच कुठाय?"

"काढली. साहेबांना भेटलात, ते मला का नाही सांगितलंत?"

तो गोरामोरा झाला. "तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं. ते ठाऊक होतं, म्हणूनच चोरून गेलात ना?"

"अगं, दुखत होतं तुला. बघवत नव्हतं मला."

"मग मला विचारायचंत, कुठे दुखतं, कशानं दुखतं. माझ्याशी बोलायला साहेबांची परवानगी लागते?"

सासूबाई मधे पडल्या. "जाऊ दे गं. फेरी मिळाली ना परत? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"मनासारखं काय झालं, आई? माझं होतं तेच भांडून परत आणलंय."

नवरा दारातून आत आला. "मी उद्या साहेबांना भेटून सांगू का, की चूक माझी..."

"त्या ऑफिसची पायरी पुन्हा चढून तर बघा," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.