चाफ्याच्या हयातीचा दाखला

धायरीतल्या त्या सोसायटीची बाग म्हणजे दोन सतरंज्या अंथरल्या तर झाकून जाईल एवढी. जानेवारीत तर तिच्याकडे बघवत नसे. तुळशीच्या काड्या झालेल्या, गुलबक्षी गडप, कढीपत्ता रुसलेला, आणि मधोमध एकही पान नसलेला राखाडी चाफा. सेक्रेटरी राजनंदिनी आयटीतली, तिला वेळ कमी. तिने मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "गार्डन डेड आहे. रविवारी पेव्हिंग ब्लॉक टाकू, म्हणजे स्कूटर चार्जिंगची सोय होईल."

"मेली कशावरून?" रामदास ओव्हाळांनी विचारलं.

"काका, मग जिवंत असल्याचं प्रूफ द्या. रविवारी नऊपर्यंत."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण ओव्हाळांनी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं पेन्शनरांचे हयातीचे दाखले तपासले होते. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं त्यांच्या खिडकीशी येत आणि आपण जिवंत आहोत असं लिहून देत. माणूस जिवंत कसा ठरतो, हे उभ्या धायरीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी जुना नमुना आठवून लिहून काढला. खाली ते ठरलेलं वाक्य घातलं : 'सदर अर्जदार हयात असून माझ्यासमोर हजर आहे.' चौकातून वीस झेरॉक्स आणल्या आणि सकाळी कानटोपी चढवून बागेत उकिडवे बसले.

"अहो, आता झाडांचे अंगठे घेणार का?" त्यांच्या पत्नीने, हिराबाईंनी, ग्रिलमधून विचारलं.

"असते तर घेतले असते."

कढीपत्ता सोपा गेला. ओळखीची खूण, बुंध्यात खिळा. खिळ्याच्या वर तांबूस कोंब, म्हणजे हयात. गुलबक्षीने मात्र घोळ घातला. माती उकरली तर खाली रताळ्याएवढा घट्ट कंद. अर्जदार जमिनीखाली आहे आणि तरीही हयात आहे, यावर शेरा काय मारायचा याचा त्यांनी पाऊण तास विचार केला. तेवढ्यात निघालेल्या गांडुळालाही त्यांनी एक फॉर्म दिला, पत्त्याच्या रकान्यात 'फिरता' असं लिहून. तुळशीच्या काडीला बारीकशी दोन पानं सापडली, पण नमुन्यात विधवा पेन्शनरांसाठी 'पुनर्विवाह केलेला नाही' असा रकाना होता, आणि सोसायटीतले लोक दर कार्तिकात वाजतगाजत तिचं लग्न लावत. खरं लिहावं तर बाई अपात्र ठरायची. ओव्हाळांनी आयुष्यात पहिल्यांदा एक रकाना कोरा सोडला.

चाफ्यापाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. साल नखाने खरवडली की कळतं, हे त्यांना माहीत होतं. पण आत कोरडं निघालं तर आपल्याच हाताने लिहावं लागेल, आणि तसं ते एकदा लिहून बसले होते.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले बाइंडर मेहबूबभाई यांचा दाखला वेळेत आला नाही. ओव्हाळांनी नियमाप्रमाणे नावावर लाल रेघ मारून 'मयत' लिहिलं. माणूस मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता. मार्चमध्ये ते कुबड्या घेऊन खिडकीशी आले, तेव्हा ओव्हाळांनी विचारलं, "आपण हयात असल्याचा पुरावा?"

"मी," मेहबूबभाई म्हणाले.

"तो चालत नाही."

पुढचे सात महिने मेहबूबभाई कागदोपत्री मेलेलेच राहिले. त्यांच्या बायकोने, मेहरुनने, ते सात महिने रोज सकाळी "मरहूम, चहा झालाय" असं म्हणून त्यांना उठवलं. काम मार्गी लागलं तेव्हा ते पेढे नव्हे, चाफ्याची एक वाळकी फांदी घेऊन कचेरीत आले. "मेल्यासारखी दिसेल," ते म्हणाले, "पण साहेब, घाई करू नका." ओव्हाळांनी फांदी घेतली, सोसायटीच्या बागेत लावली; तोच हा चाफा. माफी मागायची राहून गेली. त्यानंतर ते मंडईच्या बाजूला जाताना मेहबूबभाईंची गल्ली टाळून जात.

"आता तरी जा," हिराबाई म्हणाल्या. शनिवारी ओव्हाळ त्या गल्लीत शिरले.

रविवारी नऊला ब्लॉक भरलेला टेम्पो फाटकात उभा होता. राजनंदिनीने फॉर्म चाळले. "काका, हे बाकीचे ओके. पण चाफ्याचा ब्लँक आहे. आणि चार्जिंग पॉइंट नेमका तिथेच येतो."

तेवढ्यात रिक्षातून मेहबूबभाई उतरले. वय शहाऐंशी, हातात काठी, डोक्यावर लोकरी टोपी. ते थेट चाफ्यापाशी गेले आणि एका फांदीला नख लावलं. आत तपकिरी भुसा निघाला. राजनंदिनीने टेम्पोवाल्याकडे पाहिलं. मेहबूबभाई सावकाश वाकले, वीतभर खाली पुन्हा खरवडलं. साल निघाली तशी आत हिरवीगार रेघ दिसली आणि तिच्यातून पांढरा चीक येऊन त्यांच्या बोटावर ओघळला.

ते बोट त्यांनी ओव्हाळांसमोर धरलं. "साहेब, तेव्हा खिडकीतून हात घालून मला एवढं खरवडलं असतं, तरी कळलं असतं."

"चुकलं माझं, मेहबूबभाई," ओव्हाळ म्हणाले.

मेहबूबभाईंनी मनगट पुढे केलं. ओव्हाळांनी ते धरलं. कातडी सैल झाली होती, आत नाडी चालली होती. ते मनगट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

राजनंदिनीने टेम्पो मागे घ्यायला सांगितला. "ओके काका, पॉइंट जिन्याखाली घेऊ. फॉर्म्स फाइलला लावते. पण हे आजोबा कोण?"

ओव्हाळ ताठ उभे राहिले, खिडकीमागे बसत तसे.

"हयात आहेत," ते म्हणाले. "माझ्यासमोर हजर आहेत."