पाव्हण्यांची रेंज

चहा उकळेपर्यंत सांगून टाकते. माझी फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीत तर तिला मीठमसाला लागलेला असेल, आणि ती मुळातच पुरेशी तिखट आहे.

माझ्या नातीची, सोनलची, सोयरीक पाटणकडच्या एका घरात जुळत आली होती. मुलगा सांगलीत हिच्याच ऑफिसात. वडील मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. मुलगी बघायला कधी यायचं, ते फोन करून ठरवणार होते.

सोनल म्हणाली, "आजी, त्यांच्याशी बोलताना जरा..."

"मिलिटरीवाल्याशी कसं बोलायचं ते मला शिकवू नगंस. एकाबरोबर उभा जन्म काढलाय."

मी शाळा पाहिली नाही. अक्षरं पुड्यांच्या कागदावरून शिकले, मोबाईलही माझा मीच शिकले. तेव्हा मला कुणी काही समजावलेलं खपत नाही.

फोन आला. आवाज घोगरा, लांबट, शब्द एकमेकांना चिकटलेले. मी लगेच ओळखलं, रेंज नाही. कोयनेकडचा डोंगर, दुसरं काय असणार?

"पाव्हणं, आवाज फाटतुया. भाईर अंगणात या."

बिचारे आले. आवाज तसाच.

"अंगणात न्हाई भागायचं. जरा वर चढा."

चढले. आता धापही लागली, आवाज आणखी बिघडला.

"अजून वर!"

इकडे मीही गच्चीवर, पाण्याच्या टाकीला धरून ओरडतेय. शेजारीण धावत आली, "काकू, आग लागली का काय?" शेवटी मी वैतागून फोन कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. आणि घरात जाहीर केलं, "जिथं धड फोन लागत न्हाई, तिथं पोरगी द्यायची न्हाई. उद्या हिला काय झालं तर कळवायचं कुणी?"

सोनल रडली नाही, माझीच नात ती. "मग मी लगीनच करत न्हाई," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवारी बघते तर बापलेक दारात. मला वगळून सुनेनं परस्पर दिवस ठरवलेला. पाव्हण्यांनी हात जोडले, "नम... स्कार... माव... शी."

तोच आवाज. अगदी समोरून. मी सोनलकडं पाहिलं, ती पंख्याकडं बघत होती.

मुलगा म्हणाला, "आजी, ड्यूटीवर गाडी उलटली, बाबांच्या डोक्याला मार लागला. डिसार्थ्रिया म्हणत्यात. मेंदूचा हुकूम जिभेच्या, ओठांच्या स्नायूंपर्यंत नीट पोचत न्हाई. बाकी समजतं सगळं, ऐकू येतं, डोकं माझ्यापरीस तेज चालतं. ऐकणाऱ्यानं तेवढी घाई करायची न्हाई."

मग मी गप्प बसले. आमच्या घरात ही बातमीच होती. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, तर हळूहळू शब्द न् शब्द उमगायला लागला.

"पोरगी... आमाला... पसंत हाय. तुमी... काय म्हणता?"

नाकारलं होतं मीच. आता काय म्हणणार, कपाळ? "पसंत," म्हटलं. सोनलनं पंखा सोडून माझ्याकडं पाहिलं.

तरी माझा स्वभाव. थोडी तरी इज्जत वाचावी म्हणून विचारलं, "पण पाव्हणं, खरं सांगा. त्या दिवशी रेंज जराशी कमीच हुती का न्हाई?"

त्यांनी विचार केला. कुणी घाई केली नाही, मीसुद्धा नाही.

"मावशी... शेवटी... मी... टॉवरला... पाठ लावून... उभा हुतो."