नख लावायचं राहिलं

आमची शेड छावणीत होती. कारखान्यांच्या प्लास्टिकच्या फुटलेल्या टाक्या, पिंपं, पाइप यायचे आणि आम्ही ते गरम हवेनं सांधायचो. मी देवगाव रंगारीला मेंढरं राखणं सोडून आलेला गडी. मला सगळं प्लास्टिक सारखंच. प्रत्येकाला त्याच्याच प्रकारची कांडी वितळवून लावावी लागते, नाहीतर जोड धरत नाही, हे शेडच्या मिस्त्रींनी शिकवलं.

त्यांची रीत ठरलेली. आधी फुटक्या मालाची कपची पाण्यात टाकायची, पीव्हीसी बुडतं. मग ती जाळून धूर माझ्या नाकाशी धरायचा. "सांग, काय हाय ह्ये?" पीव्हीसीनं ठसका लागायचा. पॉलिथीन आणि पीपी दोन्ही तरंगतात, दोन्हींना मेणबत्तीचा वास. तिथं नख लावायचं. पॉलिथीनवर ओरखडा उठतो, पीपी दाद देत नाही. उत्तर बरोबर आलं की मिस्त्री नुसतं "व्हय" म्हणायचे आणि माझी कॉलर दिवसभर ताठ.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मिस्त्री दलित, मोर्च्याला जायचे, शर्टावर निळा बिल्ला लावूनच कामाला यायचे. एकदा पुंडलिकनगरचे एक गृहस्थ चिरलेलं पिंप घेऊन आले. बिल्ला बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्हीच करा हे. प्यायच्या पाण्याचं आहे."

मला अर्थ कळला. तरी भित्र्यासारखी मी मान डोलावली. मिस्त्री चार हातांवर कांड्या कापत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच.

लाजेनं मला ते काम लवकर उरकायचं होतं. ट्रकमागचं 'अति घाई संकटात नेई' वाचून हसणारा मी! पाणी नाही, धूर नाही, नख नाही. सकाळपासून पीपीच्या टाक्या करत होतो, तीच कांडी मारली. पाणी भरताच जोडाची पट्टी सालीसारखी सुटून आली.

मिस्त्री उठले. पिंपावर नख ओढलं, पांढरी रेघ उठली. त्यांनी पॉलिथीनची कांडी घेऊन पिंप नव्यानं सांधलं, पाणी भरलं आणि नेहमीप्रमाणं कोपरापर्यंत हात घालून जोड आतून चाचपला. गृहस्थ पिंप घेऊन गेले.

"चुकलं माझं, मिस्त्री."

"कांडी चुकली व्हय," ते म्हणाले. "तेवढी मी बदलली."

पुढं दोन वर्षं आम्ही त्याच शेडमध्ये होतो. कपची ते स्वतः जाळायचे, स्वतःच हुंगायचे. "सांग, काय हाय ह्ये?" असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.