मार खाऊन आलेला जावई

कृष्णात कुपवाडच्या एका फौंड्रीत कामाला होता, ही त्याच्या बायकोची मोठीच सोय होती. त्याच्या हातावर चटका दिसला की लोक आपणहून म्हणायचे, "लोखंडाचं काम, चालायचंच." शिवांजलीला खोटं बोलायचेही कष्ट पडत नसत. चिडली की हाताला लागेल ते ती वापरी, आणि चिडायची ती बहुधा चुलीपाशीच.

पोलीस चौकीत जावं, तर हवालदारांची वर्षभराची करमणूक झाली असती. म्हणून शहाण्णव सालच्या अधिक आषाढात त्यानं कामाला दांडी मारून सांगलीचं महिला सल्ला केंद्र गाठलं. दारावर 'छळ सोसू नका, बोला' अशी पाटी होती. तो बोलायला म्हणून बाकावर बसला. केंद्राच्या प्रमुख चारुशीलाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुणाचे मिस्टर तुम्ही?"

"शिवांजलीचा."

"लाज नाही वाटत बायकोवर हात उगारायला?"

"बाई, हात तिचा..."

"सगळे असंच म्हणतात!"

खरा प्रकार त्यांच्या गळी उतरायला बराच वेळ लागला. उतरला तेव्हा कोपऱ्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी तोंडाला पदर लावला. चारुशीलाबाईंचा आवाज मात्र एकदम मऊ झाला. "असं बघा, भांड्याला भांडं लागायचंच. जरा तिच्या कलानं घ्या. चारचौघांत बोलू नका. एखादं मूल झालं की निवळेल ती." हाच उपदेश सुनांना करणाऱ्या सासवांशी बाई दहा वर्षं भांडत होत्या. इतकी वर्षं ऐकून तो त्यांना पाठच झाला होता.

मार खाल्लेली बाई माहेरी जाते. कृष्णातचे आईबाप कधीच गेलेले. मग त्यानं बायकोचंच माहेर धरलं, कुंडल. निदान जन्म देणाऱ्यांना तरी पोरीचा हात ठाऊक असेल.

पण महिना धोंड्याचा. जावयाला ओवाळून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा. पलटणीतून पेन्शनीत आलेले सासरे, मानसिंग सुभेदार, दारातच गरजले, "आगं, जावाई आला! पुरण घाल!" कृष्णातला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं. शेजारचे लालासाहेब पंगतीला आले. दुसरा धोंडा ताटात पडला तेव्हा त्यानं धीर केला.

"मामा, शिवांजली मला मारती."

सुभेदारांना हसता हसता ठसका लागला. लालासाहेब म्हणाले, "बायकू न्हाई तर मग काय पाकिस्तान येनार हाय तुमाला माराया?"

तूप वाढणाऱ्या सासूबाईंचा, अंबूबाईंचा, हात तेवढा थांबला. त्या जावयाच्या मनगटाकडं बघत होत्या.

"ह्ये काय?"

"फौंड्रीतलं हाय, मामी," कृष्णात सवयीनं बोलून गेला.

"फौंड्रीत कांदा परतत्यात व्हय? उलथन्याची सरळ कड दिसतीया ती." त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "ऱ्हावा तुमी हितंच."

आठवड्यानं शिवांजली यष्टीनं आली, नवी साडी नेसून, रडत. "गावात तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाई मला." सोप्यात माणसं जमली. सुभेदारांनी जावयाची पिशवी उचलूनच आणली. "चला पावनं, निघा. आपल्या घरचं आपल्या घरात."

"आवं, त्यास्नी इचारा तरी," अंबूबाई म्हणाल्या.

केंद्रात, पंगतीत, त्याला काय हवं ते कुणीच विचारलं नव्हतं. कृष्णात उठून उभा राहिला.

"मी न्हाई जायाचो."

"मग काय घरजावाई हुनार?" सुभेदार कडाडले.

"न्हाई. कुपवाडातच खोली बघतो. एकट्यापुरती."

शिवांजलीचं रडणं तिथंच थांबलं. डोळे कोरडे, आणि हात पाण्याच्या तांब्यावर. तांब्या उचलला गेला तो सगळ्या सोप्यादेखत. पाकिस्तानचं नाव घेणारे लालासाहेब, तांब्याला सगळ्यांत जवळचे, खांबाआड झाले. अंबूबाईंनी लेकीचं मनगट धरलं. तांब्या खाली येईना, तसं दुसरा हातही लावला. धोंड्याच्या जेवणात हसलेल्यांपैकी आता कुणीच हसलं नाही.

सुभेदारांनी पिशवी कृष्णातच्या हाती दिली. "मागल्या दारानं जावा, पावनं," ते कुजबुजले.

"कशापायी?" कृष्णात म्हणाला, आणि बायकोसमोरून, पुढच्या दारानं, यष्टीला गेला.