कोऱ्या फॉर्मवरची सही

"पोरगी गुणाची होती, पण नुसती मान हलवायची. लिहिलं काहीच नाय," नाना शेजारच्या कारखानदाराला सांगत होते. मी त्यांच्या मागेच चहाचा कप घेऊन उभी होते. ती पोरगी मी.

मीटिंग सातपूरला, आमच्या ऑफिसात होती. नाशिक भागातल्या मालकांना कुठल्या कामासाठी शिकलेली माणसं मिळत नाहीत, हे विचारत फिरणं ही माझी पहिली नोकरी. त्याला स्किल सर्व्हे म्हणत. मालक जे सांगतील त्यावरून कुठे कुठला कोर्स काढायचा ते ठरे. पिंपळगाव बसवंतच्या वाट्याला एकच कोर्स होता.

नानांचं तिथे द्राक्षांचं पॅकहाऊस. महिनाभरापूर्वी मी तिथे गेले, तेव्हा ते तासभर बोलले होते. द्राक्षं तोडली की त्यांच्यात उन्हाची ऊब असते. कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवण्याआधी ती ऊब झपाट्याने काढावी लागते. त्याला प्रीकूलिंग म्हणतात. ते मशीन बंद पडलं, की मेकॅनिक मुंबईहून येईपर्यंत माल नरम पडतो.

"इथलीच चार पोरं तयार करून द्या, ताई. लय उपकार होतील."

मी शिकले इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलायचे, पण परक्या माणसासमोर माझी वाक्यं अर्ध्यात तुटायची. नानांच्या बोलण्यातलं बरंच काही कळलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. शेवटी इंग्रजी फॉर्म पुढे केला. "इथे सही करा, मी नंतर भरते." त्यांनी लगेच केली.

फॉर्म मी परतीच्या एसटीत भरला. कूलिंगच्या मशीनचा रकानाच नव्हता. 'इतर' होता, पण तिथे नीट समजावून लिहावं लागलं असतं. मी 'कम्युनिकेशन स्किल्स'वर टिक केली.

आता मीटिंगमध्ये आमच्या ऑफिसचे सर रिपोर्ट वाचत होते. "पिंपळगाव. पहिली गरज, इंग्रजी संभाषण."

नाना हसले. "साहेब, द्राक्षांशी इंग्रजीत बोलायचंय का?"

सगळे हसले. सरांना ते आवडलं नाही. त्यांनी फाइलमधून फॉर्म काढून नानांपुढे ठेवला. "तुम्हीच सांगितलंय. ही सही तुमची ना?"

नानांनी चष्मा लावला. फॉर्म जवळ धरला, लांब धरला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि पंधरा माणसांत ते सांगवत नव्हतं. कान लाल झाले. महिन्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून मी मान हलवत होते, तेव्हा माझेही असेच झाले असणार.

"सही माझीच हाय," ते हळूच म्हणाले. "बोललो असंन मी तसं."

"मग इंग्रजीचा कोर्स फायनल करू या," सरांनी पेन उघडलं.

तो कोर्स झाला नाही. पुढच्या हंगामाआधी पिंपळगावात कूलिंग मशीनच्या दुरुस्तीचा वर्ग सुरू झाला. मला मेमो मिळाला, आणि माझे सगळे फॉर्म पुन्हा भरून आणावे लागले. तेव्हापासून माणसाने सांगितलेलं लिहून, त्याला वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. एवढं कळायला मेमो लागायला नको होता.

पण त्या दिवशी सरांचं पेन कागदाला टेकायच्या आत मी नानांच्या मागून पुढे झाले. कप हातातच होता. पहिल्यांदाच माझं वाक्य अर्ध्यात तुटलं नाही.

"सर, नानांनी सही कोऱ्या फॉर्मवर केली होती. आत लिहिलंय ते त्यांचं नाही, माझं आहे."